मुठीचा डबा

"अगं बाई, सालोमी! काय भरलंयस तरी काय यात? माझ्या कमरेचा काटा ढिला व्हायचा!"

देवळाच्या पायरीवर प्रिस्किला हिवाळेनं माझा डबा हातात घेतला आणि ओरडलीच. ती माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. तिचा आवाज असा, की तिनं स्वतःच्या घरात मीठ मागितलं तर गल्लीतल्या तिघीजणी वाटी घेऊन निघायच्या. मदत करते, मदत करते म्हणत तिनं माझ्या कमरेवरचा डबा ओढूनच घेतला होता.

"ज्वारीच आहे," मी म्हणाले. "दुसरं काय असणार?"

"नवरा अंथरुणाला खिळलेला आणि हिचा डबा सगळ्यांत जड! शिका गं पोरींनो, याला म्हणतात विश्वास."

पायरीवरच्या चार बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मी खाली मान घातली. त्यांना वाटलं, किती नम्र पोर आहे! खरी गोष्ट अशी होती, की त्या डब्यात वाळू होती. वर फक्त दोन मुठी ज्वारी.

या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि आमचं बिऱ्हाड नेवाशाकडच्या एका मिशन कंपाउंडमध्ये होतं. दगडी देऊळ, म्हणजे आमचं चर्च, शाळा, दवाखाना, मुलींचं बोर्डिंग आणि समोरासमोर दोन ओळी घरं, एवढंच आमचं जग. तिथल्या महिला मंडळाची एक जुनी रीत होती. प्रत्येक घरी एक डबा असायचा. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी, घरातल्या धान्यातली एक मूठ त्यात टाकायची आणि टाकताना कुणा एकासाठी प्रार्थना करायची. आपल्या घरच्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक होता. तीन महिन्यांनी महिला रविवार आला की ते डबे देवळात जायचे आणि तिथून बोर्डिंगला. बोर्डिंगमध्ये सगळे डबे एका मोठ्या पिंपात रिकामे करायचे. एकदा पिंपात पडल्यावर कुणाची ज्वारी कुठली, काही कळायचं नाही.

माझा सगळा भरवसा त्या पिंपावर होता.

आमच्या घरातला डबा माझ्या सासूबाईंचा. त्यांनी खिळ्यानं ठोकून त्यावर टिंबाटिंबांनी आपलं नाव काढून घेतलं होतं, हन्ना भिंगारदिवे. एकोणतीस वर्षांत त्यांचा एकही महिला रविवार चुकला नव्हता. जायच्या आधी आठ दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "सालू, दागिना तर काही नाही माझ्याकडे. डबा तेवढा चालू ठेव." मी हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं?

पुढं दोन वर्षं डबा चालूही राहिला. मग दिवाळीच्या सुमारास माझे यजमान, शमुवेल, एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. पाय प्लॅस्टरमध्ये, आणि रंगाऱ्याची कमाई ती हातावरची. पहिला महिना गेला. दुसऱ्या महिन्यात कणगीचा तळ दिसायला लागला. एका सकाळी कृपा, आमची पाच वर्षांची मुलगी, भुकेनं रडायला लागली, तेव्हा मी त्या डब्यातून एक मूठ काढली. उद्या परत टाकीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन काढल्या. वीस दिवसांत डबा खडखडीत रिकामा झाला.

कुणाला सांगितलं का? छे! माझं नाक वर. भिंतीपलीकडं प्रिस्किला होती, म्हणून मी भाकरी नसली तरी चूल पेटवायची, म्हणजे धूर दिसावा. रिकाम्या परातीत हात थापायची, म्हणजे भाकरी थापल्याचा आवाज जावा. शमुवेल खाटेवरून बघत राहायचे. एकदा ते म्हणाले, "सालू, मंडळाच्या दीनाबाईंना सांगून टाक ना. त्या काही परक्या आहेत का?"

"मेले तरी सांगणार नाही," मी म्हणाले. "तुमच्या आईच्या डब्यातलं खाल्लं म्हणून सांगू?"

"खाल्लं ते आपण तिघांनी खाल्लं."

"काढलं मी."

महिला रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी मी शाळेच्या मागं गेले. नव्या खोलीसाठी तिथं वाळूचा ढीग पडला होता. पदरात वाळू भरून आणली. घरी आणून ती चाळणीनं चाळलीसुद्धा! हाताची सवय, दुसरं काय. कणगी झाडून दोन मुठी ज्वारी निघाली, ती वर पसरली आणि झाकण लावलं. मागं वळले तर दारात कृपा उभी.

"आई, डबा भरला?"

"हो."

"ज्वारी आहे त्यात?"

"हो म्हटलं ना."

"मग आपण का नाही खात?"

मी तिला खेळायला पिटाळलं.

तर आता देवळात. उपासना संपत आली आणि मंडळाच्या अध्यक्ष दीनाबाई उजागरे पुढच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. उंच, सडपातळ, केस आवळून बांधलेले. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. रात्री-अपरात्री सायकल मारत वस्त्यांवर जायच्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. आवाज कधी चढवायच्या नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटायची.

एकेकीचं नाव पुकारलं जायचं. तिनं डबा न्यायचा, बाईंच्या हातात द्यायचा आणि या तीन महिन्यांत मूठ टाकताना कुणासाठी प्रार्थना केली ते सांगायचं. मार्था साळवे म्हणाली, तुरुंगात असलेल्यांसाठी. प्रिस्किला म्हणाली, भांडकुदळ शेजाऱ्यांसाठी, आणि सगळ्या हसल्या. माझं लक्ष मात्र डब्याकडं. झाकण पक्कं बसलंय ना, वाळूचा आवाज तर येत नाही ना, एवढंच डोक्यात.

"सालोमी भिंगारदिवे."

मी गेले. बाईंनी दोन्ही हात पुढं केले, मी डबा त्यांच्या हातांत दिला. त्यांनी तो लगेच टेबलावर ठेवला नाही. दोन्ही तळव्यांवर धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"आजारी माणसांसाठी," मी म्हणाले. नजर डब्यावरच होती.

"आमेन," बाई म्हणाल्या, आणि माझा डबा त्यांनी मागच्या रांगेत, भिंतीच्या कडेला ठेवला.

मी जागेवर येऊन बसले. सुटले, असं वाटलं. दुपारी बोर्डिंगचा गडी येईल, डबे पिंपात रिकामे होतील, फार तर स्वयंपाकीण बोंब मारेल की ज्वारीत वाळू फार आली. बाजारच्या ज्वारीतही येतेच.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बहिणींनो, एक सांगायचं आहे. या वेळी डबे बोर्डिंगला जाणार नाहीत."

देवळात कुजबुज झाली.

"आपल्यातल्याच एका घराला गरज आहे. सगळे डबे जसेच्या तसे त्या घरी जातील. कुणाचं घर, ते मी सांगणार नाही, तुम्ही विचारायचं नाही. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये. आपण प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. माझे उघडेच राहिले.

बाहेर आल्यावर प्रिस्किलाला कुठला धीर? "विचारायचं नाही म्हणे! न कळायला काय झालं? राहेलबाईंकडं जाणार, दुसरं कोण आहे? दोन्ही डोळ्यांनी आंधळी म्हातारी, पुढं ना मागं कोणी. मी सांगते ना तुम्हाला!"

राहेलबाई म्हणजे आमच्या जुन्या बायबलबाई. वस्तीवस्तीवर चालत जाऊन बायकांना अक्षरं आणि प्रार्थना शिकवणारी बाई. मला 'अ' गिरवायला त्यांनीच शिकवलं होतं, माझं बोट आपल्या बोटात धरून. आता त्या चाचपडत स्वयंपाक करायच्या. धान्य निवडायचं ते बोटांनी. त्या डब्यात हात घालतील, वर ज्वारी लागेल, मग खाली बोटं जातील. आणि डब्यावरची टिंबंही त्या बोटांनीच वाचतील. हन्ना भिंगारदिवे. हन्ना त्यांची मैत्रीण होती.

घरी गेले. शमुवेलना सांगितलं. ते बराच वेळ प्लॅस्टरवर नखानं रेघा ओढत बसले.

"जा आणि डबा परत आण," ते म्हणाले.

"काय सांगून?"

"काहीही सांग. तुला काय, रचता येतं."

टोमणा झोंबला, पण खोटा नव्हता. मी तशीच निघाले. वाटेत बहाणा ठरवला: डब्याला तळाशी भोक पडलंय, ज्वारी सांडेल, दुसऱ्या डब्यात घालून आणते. बहाणा चांगला होता. तरी देवळापर्यंतचं शंभर पावलांचं अंतर मला शिवारभर वाटलं. दोनदा मागं फिरले, दोनदा राहेलबाईंची बोटं आठवली.

देवळामागच्या लहान खोलीत बाई एकट्याच होत्या. डबे जमिनीवर मांडलेले. त्या स्टुलावर बसून पाणी पीत होत्या.

"सलाम, बाई."

"सलाम. ये."

"माझ्या डब्याला... तळाला भोक पडलंय. गळतो तो. वाटेत सांडेल. घरी नेऊन बदलून आणू का?"

मला वाटलं त्या डबा उचलून तळ बघतील. बघितला नाही. त्या उठल्या, भिंतीकडचा माझा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या कमरेवर ठेवला.

"ने," त्या म्हणाल्या.

बस्स! एवढंच. ना प्रश्न, ना शंका. मी डबा घट्ट धरला आणि दाराकडं वळले. चार पावलं टाकली की मी मोकळी. घरामागं वाळू ओतायची, संध्याकाळी येऊन सांगायचं, बाई, डबा फुटला, पुढच्या वेळी दुप्पट देईन. कुणाला कधी कळलं नसतं.

उंबऱ्याशी आले आणि कृपा डोळ्यांपुढं आली. ती दारातच बसलेली असणार. मी डबा घेऊन येताना दिसले की धावत येणार. आई, परत आणला? आता आपण खायची ना ही ज्वारी? आणि मग मला तिच्यासमोर झाकण उघडावं लागणार. देवळात सगळ्या बायकांसमोर मी उभी राहू शकले होते. त्या पोरीसमोर ते झाकण काही माझ्यानं उघडवलं नसतं.

मी वळले. डबा खाली ठेवला.

"बाई, यात वाळू आहे."

"माहीत आहे," दीनाबाई म्हणाल्या.

मी झाकणाकडं बघितलं, ते तर घट्ट होतं.

"सदतीस वर्षं पोरं हातावर घेतली, सालोमी. काट्यावर घालायच्या आधी मी वजन सांगायची. ज्वारीचा डबा केवढा भरतो ते मला कळत नाही होय? तुझ्या सासूनं एकोणतीस वर्षं हाच डबा माझ्या हातात दिलाय."

"मग तुम्ही तेव्हाच..."

"तेव्हाच काय? देवळात झाकण उघडून दाखवायला हवं होतं?"

मला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. शिडीवरून पडणं, रिकामी कणगी, परातीतल्या थापा, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. मधे एकदा उठून त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढं ठेवला. मी म्हणाले, "वरच्या दोन मुठी खऱ्या आहेत, बाई. घरात तेवढ्याच होत्या."

"बायबलातल्या त्या गरीब विधवेनं आपल्याजवळच्या दोनच दमड्या दानात टाकल्या, ती गोष्ट सांगून मी तुला सोडीन, असं वाटतं का तुला? ती विधवा दमड्यांखाली वाळू घालून आली नव्हती."

मी मान खाली घातली.

"डब्यातलं खाल्लंस, त्याचं मला काही नाही. उपाशी पोराला घालायला नाही तर कशाला असतो तो? पण भिंतीपलीकडं माणसं होती, समोर माणसं होती, आणि तू परातीत थापा मारत बसलीस. रोज दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायची, आणि दुसऱ्या कुणी आपल्यासाठी केली तर मात्र अपमान! हा कुठला विश्वास गं?"

मी डोळे पुसले. "बाकीचे डबे राहेलबाईंकडं पोचवायला मी येते. त्यांच्या पाया पडते आणि सांगते सगळं."

"राहेलकडं? गेल्या आठवड्यापासून राहेलला दवाखान्यातून दोन वेळचा डबा जातो. तिला ज्वारी घेऊन काय करायचीय?"

"मग कुणाचं घर?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं नर्स पहिलटकरणीकडं बघते.

"आज सकाळी मी देवळात आले तेव्हा हे डबे बोर्डिंगलाच जायचे होते. बोर्डिंगच्या गड्याला दुपारी या म्हणून सांगूनही ठेवलं होतं. मग तुझा डबा माझ्या हातात आला. वाळू कोण भरतं, सालोमी? ज्याच्या घरात दाणा नाही आणि तोंड उघडायचं नाही, तोच ना?"

मी तिथंच, डब्यांच्या मधोमध बसले. ज्या घोषणेनं सकाळपासून माझा जीव टांगला होता, ती माझ्यासाठीच होती.

"नको, बाई," मी म्हणाले. "मला नको. मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

"ज्या तोंडानं खायचंय त्याच तोंडानं. ऊठ. ते पोतं धर."

डबे जसेच्या तसे न्यायचे होते, पण बाई म्हणाल्या, नावाचे डबे तुझ्या दारात दिसले तर प्रिस्किला उद्या दवंडी पिटेल. आम्ही एकेक डबा पोत्यात ओतला. कुणाची टपोरी शाळू, कुणाची बारीक हायब्रीड, एकीच्या ज्वारीत चार दाणे मुगाचे. प्रिस्किलाचा डबा शिगोशिग भरलेला होता. भांडकुदळ शेजाऱ्यांसाठी एक-एक मूठ टाकत तिनं तो भरला होता, आणि तिचा शेजार म्हणजे आम्हीच. पोतं बाईंच्या सायकलच्या कॅरिअरला बांधलं. त्यांनी हँडल धरलं, मी माझा डबा कमरेवर घेऊन मागून पोतं धरून चालले.

व्हायचं तेच झालं. प्रिस्किला अंगणात उभी.

"सलाम, बाई! काय नेताय हे? आणि सालोमी कशी तुमच्याबरोबर?"

मी थांबले. बाई थांबल्या नाहीत. "प्रिस्किला, तू उजवा हात की डावा?"

"म्हणजे?"

"विचारतेयस म्हणजे डावा. जा, चूल बघ."

प्रिस्किला आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. तिला तेव्हा कळलं की नाही, मी कधी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरून ताकाचा तांब्या यायला लागला. दोन घरांमधल्या भिंतीवर तो ठेवलेला असायचा, न बोलता.

पोतं उतरवल्यावर बाईंनी माझा डबा मागितला. अंगणाच्या कोपऱ्यात, कृपाच्या देखत, त्यांनी वाळू ओतली. ओतण्याआधी वरच्या दोन मुठी त्यांनी कागदात काढून ठेवल्या होत्या. त्या परत डब्यात टाकल्या.

"या तुझ्याच आहेत. उद्यापासून पुढं भर. आधी मूठ, मग भाकरी."

"मिळालेल्यातूनच परत द्यायचं?" मी विचारलं.

"सगळ्याच तसंच करतात. तुला काय वाटलं, देवानं दिल्याशिवाय कुणी घरून आणतं?"

त्या रात्री ज्वारीच्या घुगऱ्या शिजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पोतं उघडलं. चूल पेटवायच्या आधी मूठ काढली आणि कुणाचं नाव घ्यावं ते सुचेना. शेवटी प्रिस्किलाचं घेतलं. मग जात्यावर दळलं आणि भाकरी थापली. खरी भाकरी, परातीत खरं पीठ. शमुवेल खाटेवरून म्हणाले, "आज आवाज वेगळा येतोय गं." आणि मग त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दीनाबाईंना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. त्यांच्यामागं डबे घ्यायचं काम मंडळानं माझ्यावर टाकलं. मी काही नर्स नाही, पण प्रत्येक डबा टेबलावर ठेवायच्या आधी क्षणभर दोन्ही हातांवर धरते. बायकांना वाटतं, मी आशीर्वाद मागते.

परवाच्या महिला रविवारी एका नव्या सुनेचं नाव पुकारलं. करुणा आढाव. गुलाबी साडी, ओठांवर हसू, डबा काठोकाठ भरलेला. झाकणाच्या फटीतून ज्वारी दिसत होती. मी हात पुढं केले, तिनं डबा दिला. कापसासारखा हलका! कोंडा असणार खाली.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"आजारी माणसांसाठी," ती म्हणाली. तिची नजर डब्यावरच होती.

"आमेन," मी म्हणाले. डबा मागच्या रांगेत, भिंतीच्या कडेला ठेवला. पदर सावरला आणि बायकांकडं वळले.

"बहिणींनो, एक सांगायचं आहे. या वेळी डबे बोर्डिंगला जाणार नाहीत."